‘सेवेशी संबंध नाही’: पेट्रोल डेपोतला हवालदार, ब्लड कॅन्सर आणि डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा

रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीआधी जवानाला तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर (एएफएमएसएफ-१६ वर) कारणाच्या रकान्यात दोन ओळी होत्या. ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर. फील्ड किंवा हाय अल्टिट्यूड सेवेशी निकटचा कालसंबंध नाही. सबब एनएएनए.’ पीस स्टेशन म्हणजे सीमेपासून दूरचे, शांततेच्या भागातले ठाणे. एनएएनए म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. अपंगत्व ६० टक्के आणि आयुष्यभरासाठी, असे त्याच बोर्डाने त्याच कागदावर मान्य केले होते. तरीही या दोन ओळींमुळे डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा जादा भाग, शून्य झाला.

हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे. त्यातली व्यक्ती, तिच्या तारखा आणि निकाल कुणा एकाचे नाहीत. नियम, मुदती आणि हिशोबाची रीत मात्र प्रत्यक्षातली आहे. कॅन्सरचे दावे बहुतेक वेळा जिथे अडतात, त्या जागा एकाच फाइलीत दिसाव्यात म्हणून ते असे मांडले आहे.

सेवेचा आणि आजाराचा क्रम

जून १९९६ मध्ये आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये भरती, वय १९, मेडिकल कॅटेगरी शेप-१, म्हणजे पूर्ण निरोगी. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कसलाही आजार नोंदलेला नाही. १९९८ ते २००४ पेट्रोल डेपोत काम. २००९ ते २०१२ उंचावरच्या भागातल्या पुरवठा ठाण्यावर पुन्हा इंधनाचेच काम. त्यानंतर दोन पीस स्टेशने. ३० जून २०२० रोजी २४ वर्षे पूर्ण करून हवालदार म्हणून निवृत्ती.

नोव्हेंबर २०१६ पासून थकवा, हिरड्यांतून रक्त आणि वारंवार ताप. युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, तीन वेळा सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद). तिन्ही वेळा अँटिबायोटिक आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या वेळी, म्हणजे पहिल्या सिक रिपोर्टनंतर ११ आठवड्यांनी, रक्ताची साधी तपासणी झाली. हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट २८ हजार. तिथून थेट कमांड हॉस्पिटल, बोनमॅरो तपासणी आणि निदान: ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन अशी नेहमीची केमोथेरपी झाली, मग भावाच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण. आजार आटोक्यात आला आणि कॅटेगरी कायमची पी-३, म्हणजे मर्यादित कामापुरतीच योग्य, अशी झाली. निवृत्तीआधी फेब्रुवारी २०२० मध्ये रिलीज मेडिकल बोर्ड बसले.

बोर्डाचा प्रश्नच चुकला होता

‘निकटचा कालसंबंध’ ही कसोटी कॅन्सरच्या कामाची नाही. आजार उघड झाला तेव्हा जवान कुठे होता, एवढेच ती पाहते. ताणाशी निगडित काही आजारांत या प्रश्नाला अर्थ असू शकतो. रसायनामुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये मात्र संपर्क आणि निदान यांच्यात वर्षे जातात. २००१ साली अंगावर सांडलेल्या पेट्रोलचा परिणाम २०१६ मध्ये पीस स्टेशनवर दिसला, तर ‘सुरुवात पीस स्टेशनवर’ हे वाक्य खरेच असते, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. या दाव्याचा कणा एवढाच आहे. बाकीचे सगळे कागद तो उभा करण्यासाठी लागतात.

पेट्रोलमध्ये बेंझिन असते. २०२० पर्यंत लागू असलेल्या भारत स्टेज ४ या इंधन मानकात त्याची मर्यादा आकारमानाने १ टक्का होती. त्याआधीच्या काळातल्या पेट्रोलमध्ये ते जास्त असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, बेंझिनला गट १ मध्ये, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारे म्हणून ठेवले आहे आणि ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाशी त्याचा संबंध पक्का मानला आहे. थोडक्यात, या प्रकरणात रसायन आणि आजार यांची जोडी आधीपासूनच जुळलेली होती. सगळ्याच कॅन्सरचे असे नसते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि पेट्रोल अशी जोडी घेऊन कुणी आले, तर हा दावा जसाच्या तसा उतरवून उपयोग नाही. आधी जोडी तपासा, मग कागद गोळा करा.

लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पेन्शनविषयक मार्गदर्शिका आहे, २००२ ची आणि २००८ मध्ये सुधारलेली. तिच्यातला कॅन्सरवरचा भाग किरणोत्सर्ग, रसायने आणि काही विषाणू ही कारणे मान्य करतो आणि सेवेतल्या कामाशी त्यांची सांगड घालू देतो. बोर्डाने तो उघडून पाहिल्याची खूण एएफएमएसएफ-१६ वर कुठेच नव्हती. पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या जुन्या, १९८२ च्या (एंटायटलमेंट) नियमांच्या परिशिष्टात ‘सेवेचा सहसा परिणाम न होणारे आजार’ अशी यादी आहे आणि घातक गाठींचे आजार तिच्यात येतात. आजही अनेक नकारपत्रांमागे हीच यादी असते. तिच्यातला ‘सहसा’ हा शब्द विसरू नये. सहसा नाही म्हणजे कधीच नाही असे नव्हे. अपवाद दाखवायला तिथे जागा ठेवलेली आहे.

कमांडिंग ऑफिसरचे निवेदन

बोर्डाच्या कागदांत कमांडिंग ऑफिसरचेही निवेदन असते. सेवेतल्या कोणत्या परिस्थितीमुळे आजार झाला असावा, असा प्रश्न त्यात येतो. शेवटच्या युनिटच्या अधिकाऱ्यांनी तिथे ‘लागू नाही’ लिहिले होते. त्यांची लबाडी नव्हती. त्यांनी हवालदारांना शेवटची दोन वर्षेच पाहिले होते आणि त्या काळात हवालदार स्टोअरचा हिशोब ठेवत. पेट्रोल डेपोतली सहा वर्षे त्या युनिटच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नसणारच.

हवालदारांचे स्वतःचे निवेदनही असेच हुकले. ‘आजार सेवेमुळे झाला असे वाटते का?’ या प्रश्नावर उत्तर होते, ‘होय, ड्युटीच्या ताणामुळे.’ पेट्रोलचा शब्दही नाही. बोर्डाच्या दिवशी माणूस थकलेला असतो, रांग असते, फॉर्म भरून घेणारा घाईत असतो. पण या जागी लिहिलेले प्रत्येक अपिलात पुन्हा वाचले जाते. बोर्डाला जाण्यापूर्वी सगळ्या पोस्टिंग, प्रत्येक ठिकाणचे नेमके काम आणि हाताळलेले पदार्थ अर्ध्या पानात लिहून न्यावेत आणि तोच मजकूर फॉर्मवर उतरवावा. शेवटच्या युनिटच्या अधिकाऱ्यांनाही तेच अर्धे पान अर्जासोबत आधी द्यावे, म्हणजे ‘लागू नाही’ लिहिण्यापूर्वी निदान ते त्यांच्या टेबलावर असते.

पहिले अपील का पडले

जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचे नकारपत्र सप्टेंबर २०२० मध्ये आले. पहिल्या अपिलासाठी सहा महिन्यांची मुदत असते. अपील जानेवारी २०२१ मध्ये, मुदतीत गेले. पण ते एका पानाचे होते. भरतीच्या वेळी मी निरोगी होतो, आजार सेवेत झाला, म्हणून तो सेवेमुळेच झाला असे मानावे, एवढाच मुद्दा. सोबत सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालाचा उल्लेख.

तो निकाल महत्त्वाचा आहेच. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरायचे, पुराव्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे द्यायची, असे त्यात म्हटले आहे. पण त्याचा पाया १९८२ च्या नियमांवर आहे. हवालदार २०२० मध्ये निवृत्त झाले, म्हणजे त्यांना २००८ चे नियम लागू. त्या नियमांत सेवा आणि आजार यांच्यातला कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे, असे स्वतंत्र कलम आहे. अपील समितीने नेमके त्यावरच बोट ठेवले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अपील फेटाळले.

याच २००८ च्या नियमांत दावेदाराच्या बाजूचेही एक कलम आहे आणि पहिल्या अपिलात ते आलेच नाही. दावेदाराला एरवी हक्क सिद्ध करायला लावले जाणार नाही, असे ते सांगते. मात्र निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर सेवेची कागदपत्रे मुदतीनुसार नष्ट झालेली असली, तर ओझे दावेदारावर येते. उशीर करू नये याचे खरे कारण हे आहे. कागद असतात तोवर शंकेचा फायदा मागता येतो. कागद गेले की तोही जातो.

दुसरे अपील: कागद कुठून आले

पुन्हा सहा महिन्यांची मुदत. या वेळी आधी माहिती अधिकाराचा अर्ज गेला, १० रुपये शुल्क भरून. ३० दिवसांत उत्तर आले नाही तेव्हा त्याचेही पहिले अपील केले, मग कागद मिळाले. मागणी नेमकी होती: भरतीची वैद्यकीय तपासणी, कॅटेगरी बदलाचे सगळे एएफएमएसएफ-१५, रिलीज बोर्डाचे पूर्ण एएफएमएसएफ-१६, शीट रोल (सेवेचा नोंदपट), पोस्टिंगच्या पार्ट टू ऑर्डरचे (युनिटच्या नोंद-आदेशांचे) उतारे आणि पहिल्या अपिलावर दिलेले वैद्यकीय मत. यातले शेवटचे बहुतेक जण मागत नाहीत. अपील फेटाळल्याच्या पत्रात दोन वाक्ये असतात. फाइलीतल्या मतावरून कळते की डॉक्टरांनी कशाकडे पाहिले आणि कशाकडे नाही. इथे त्या मतात पेट्रोल डेपोचा उल्लेखच नव्हता.

शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डरमुळे कुठे आणि कधी हे ठरले. काय केले, हे मात्र त्यांतून दिसत नाही. डेपोची ड्युटी रजिस्टरे एव्हाना नष्ट झाली होती. ती जागा दोन निवृत्त सहकाऱ्यांच्या शपथपत्रांनी भरली. पहिला मसुदा असा होता: ‘सदर हवालदार माझ्यासोबत होते व पेट्रोलचे काम करीत होते.’ एवढ्याने काही होत नाही. तो बाजूला ठेवून प्रत्येकाला विचारले की सकाळी डेपोत गेल्यावर पहिल्यांदा हाताला काय लागायचे. मग जे लिहिले गेले ते असे: २०० लिटरच्या बॅरलमधून हातपंपाने २० लिटरच्या जेरीकॅनमध्ये पेट्रोल भरणे, दिवसाला किती बॅरल उपसली जात, पंपाची नळी बंद पडली की ती तोंडाने ओढून चालू करणे, उन्हाळ्यात शेडमध्ये वास कोंडणे, भिजलेली डांगरी (कामाचा जाड पोशाख) अंगावरच वाळणे, रबरी हातमोजे फाटले की नवे येईपर्यंत उघड्या हाताने काम, आणि वर्षातून दोनदा साठवण टाकीत उतरून तळाचा गाळ खरवडणे, तोंडाला फक्त ओला रुमाल बांधून. शपथपत्र करणारे स्वतः त्या डेपोत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते, हे त्यांच्या डिस्चार्ज बुकच्या प्रतीने दाखवले. सरकारी वकील पहिला प्रश्न हाच करतात.

तिसरा कागद रक्तविकारतज्ज्ञांचे मत. ‘पेट्रोलमुळे कॅन्सर होऊ शकतो’ या वाक्याला वजन नसते. पाच परिच्छेदांच्या पत्रात आजाराचा नेमका प्रकार, संपर्काची वर्षे, शेवटचा संपर्क आणि निदान यांतले अंतर, बोनमॅरोच्या गुणसूत्र तपासणीचा निष्कर्ष आणि इतर कारणांचा विचार हे सगळे होते. तपासणीत सातव्या गुणसूत्राची एक प्रत नव्हती. बेंझिनच्या संपर्कानंतरच्या ल्युकेमियात हा बदल नोंदलेला आहे, पण तो फक्त तिथेच दिसतो असे नाही. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. त्यामुळे पत्राची विश्वासार्हता वाढली.

इतर कारणांत विडी होती. २००३ च्या एका वैद्यकीय नोंदीत ‘दिवसाला ४-५ विड्या’ असे होते. २०१० नंतर बंद. धूम्रपानानेही या ल्युकेमियाचा धोका वाढतो. ही नोंद लपवावी असा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे, कारण ती नोंद सरकारकडे असतेच. विडी हा एक घटक असू शकतो, पण त्यामुळे बेंझिनचा संपर्क पुसला जात नाही, असे पत्रात सरळ मांडले गेले.

शेवटी पर्यायी मागणी. आजार सेवेमुळे झाला हे मान्य नसेल, तर तो सेवेत बळावला हे मान्य करावे, कारण तीन सिक रिपोर्ट होऊनही ११ आठवडे रक्त तपासले गेले नाही. हा मुद्दा कमकुवत होता आणि तो तसाच, दुय्यम म्हणून ठेवला. उशिरामुळे आजाराची गती बदलली हे ॲक्यूट ल्युकेमियात दाखवणे कठीण. पण बोर्डाने ‘बळावलेला नाही’ म्हणताना सिक रिपोर्टचा विचारच केला नव्हता, हे त्यातून समोर आले. मुख, स्तन किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हाच मुद्दा पहिल्या क्रमांकाचा ठरू शकतो, कारण तिथे निदानाच्या वेळच्या स्टेजवर पुढचे बरेच काही ठरते.

मुदतीचे गणित

दुसरे अपील १४ मार्च २०२२ रोजी दाखल झाले. उत्तर आलेच नाही. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, थांबू या, येईल उत्तर. इथेच दावे मरतात. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यानुसार अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. म्हणजे १४ सप्टेंबर २०२२ ला पहिले सहा महिने संपले आणि १४ मार्च २०२३ ही शेवटची तारीख. अर्ज फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई खंडपीठात दाखल झाला. उशीर माफ होऊ शकतो, पण तो मागावा लागतो. दावा उशिरा आला तर थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल त्यासाठी वापरला जातो. इथे निवृत्तीपासून तीन वर्षे अजून झाली नव्हती, त्यामुळे १ जुलै २०२० पासूनची पूर्ण थकबाकी शाबूत राहिली.

जून २०२४ मध्ये अर्ज मंजूर झाला. कारण सरळ होते: बोर्डाने कालसंबंधाची कसोटी लावली, पण नऊ वर्षांच्या इंधनाच्या कामाचा विचार केला नाही आणि मताची कारणेही दिली नाहीत. कारणांशिवायचे बोर्डाचे मत पेन्शन नाकारायला पुरेसे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणातही ठासून सांगितले आहे. नव्याने अपील लिहिणाऱ्यांनी धर्मवीर सिंगच्या जोडीला तो निकालही द्यावा. आयएआरसीने २०२५ मध्ये वाहनांच्या पेट्रोललाही गट १ मध्ये टाकले आहे. इंधनाचे काम केलेल्यांना आता बेंझिनचा वळसा घ्यावा लागणार नाही.

पैसे किती

शेवटचा मूळ पगार ४१,६०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, मिळून ४६,८०० रुपये. सर्व्हिस पेन्शन निम्मी, म्हणजे २३,४००. ती आधीपासून चालू होतीच. डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्के अपंगत्वाला ३० टक्के, म्हणजे १४,०४०. ६० टक्क्यांचे ८,४२४ होतात. पण ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याच्या पद्धतीत, ५० च्या आतले अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ मधले ७५ आणि ७६ च्या पुढचे १००. २०१४ च्या राम अवतार निकालानंतर हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळतो. म्हणून ६० चे ७५ झाले आणि महिन्याला १०,५३० रुपये. जुलै २०२० ते जून २०२४ या ४८ महिन्यांचे ५,०५,४४० रुपये. त्यावरची महागाई सवलत त्या काळात १७ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत गेली, तिचे १,७३,७४५. एकूण थकबाकी ६,७९,१८५ रुपये.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांनी हा हिशोब आणि वरचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. त्या तारखेपासून नवे एंटायटलमेंट नियम लागू आहेत आणि त्यांची परिभाषाही वेगळी आहे.

निकालानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिसला पोचवल्यावर सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) या संरक्षण लेखा कार्यालयाकडून ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत येतो. पहिल्या सुधारित पीपीओत दोन चुका होत्या: टक्केवारी ७५ ऐवजी ६० आणि सुरुवातीची तारीख १ जुलै २०२० ऐवजी आदेशाची. महिन्याला २,१०६ रुपयांचा फरक आणि चार वर्षांची थकबाकी गायब. बँकेत रक्कम जमा झाली म्हणून पीपीओ न वाचता फाइल बंद केली असती, तर हे लक्षात आलेच नसते. ‘स्पर्श’वर तक्रार नोंदवली, आदेशातला परिच्छेद जोडला आणि दुसऱ्या सुधारित पीपीओत दोन्ही दुरुस्त्या झाल्या. त्याच वेळी ‘आयुष्यभरासाठी’ हा शेरा आणि पत्नीचे नाव व जन्मतारीखही तपासून घेतली.

ल्युकेमियाचा आदेश, बोर्डाचा कागद आणि हॉस्पिटलचे सारांशपत्र यांचा एक वेगळा संच पत्नीकडे ठेवला आहे. मृत्यू याच आजाराने झाला आणि नियमांतल्या अटी जुळल्या, तर साध्या कुटुंब निवृत्तिवेतनाऐवजी विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मागता येते: शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांऐवजी ६० टक्के. त्या दिवशी मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर नुसते ‘हृदय बंद पडल्याने’ असे न लिहिता मूळ आजाराचे नाव लिहून घ्यावे, हेही त्या संचाच्या वरच्या कागदावर हवालदारांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.